'एंडेव्हर' जहाजाची सिद्धता

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या घरीं आदल्या रात्रीं जी धांवपळ चालते, तिच्यांत एक गोष्ट नेहमीं दिसून येते. मागच्या खेपेस जी वस्तु विसरली होती, ती या खेपेस सर्वांच्या आधीं पेटींत जाते. गेल्या वेळीं पावसानें गांठलें असेल तर छत्री प्रथम. पाण्याचे हाल झाले असतील तर फिरकीचा तांब्या प्रथम. माणूस तयारी करतो ती पुढच्या प्रवासाची म्हणून, पण ती असते बहुधा मागच्या प्रवासाची. आज मी जी हकीकत सांगणार आहें, ती अशाच एका तयारीची आहे. फरक इतकाच कीं, हा प्रवास तीन वर्षांचा होता, पेटी म्हणजे १०६ फूट लांबीचें एक शिडाचें जहाज होतें, आणि जें तयारींत राहून गेलें, त्याची किंमत माणसांच्या प्राणांनीं भरावी लागली.

१७६९ सालच्या जूनच्या ३ तारखेस शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकत जातांना दिसणार होता. या घटनेस ज्योतिषी अधिक्रमण म्हणतात. अधिक्रमणें बहुधा आठ वर्षांच्या अंतरानें जोडीनें घडतात, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें एकहि घडत नाहीं. पृथ्वीवरील दूरदूरच्या स्थळांवरून ही वेळ अचूक टिपली, तर सूर्य आपणांपासून किती अंतरावर आहे, हें गणितानें काढतां येतें. १७६१ चें अधिक्रमण पुष्कळांनीं पाहिलें होतें. परंतु त्यांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळलीं नव्हतीं. १७६९ चा योग हुकला तर पुढचा १८७४ सालीं. म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७६८ च्या फेब्रुवारींत तिसऱ्या जॉर्ज राजाकडे अर्ज केला, राजानें ४००० पौंड मंजूर केले, आणि दक्षिण समुद्रांत एक जहाज धाडण्याचें ठरलें. नेमकें कोठें धाडावयाचें, हें मात्र मे महिन्यापर्यंत निश्चित नव्हतें. त्या महिन्यांत कॅप्टन वॉलिस 'डॉल्फिन' जहाजांतून पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला व त्यानें ताहिती बेटाची बातमी आणली. नकाशा हाताशीं असेल तर पाहावें: आपली रत्नागिरी विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेस, जवळजवळ तितकेंच ताहिती दक्षिणेस. गोडें पाणी, फळफळावळ, जहाज नांगरण्यास सुरक्षित आखात; जागा ठरून गेली. वेधांचें काम आटोपल्यावर दक्षिणेकडे एखादें अज्ञात खंड आहे काय, याचा शोध घ्यावा, असा दुसरा हुकूम मोहोरबंद लखोट्यांत निराळा दिलेला होता.

जहाज कोणतें घ्यावें, या प्रश्नाला नाविक खात्यानें दिलेलें उत्तर प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. दिमाखदार युद्धनौका सोडून त्यांनीं एक कोळसा वाहणारें जहाज विकत घेतलें. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हिट्बी गांवीं तें १७६४ सालीं बांधलें गेलें होतें. त्याचें नांव 'अर्ल ऑफ पेंब्रोक'. तें बदलून 'एंडेव्हर', म्हणजे प्रयत्न किंवा उद्योग, असें ठेवण्यांत आलें. रुंदी २९ फुटांहून थोडी अधिक, वजन वाहण्याची शक्ति ३६८ टन, नाळ बोथट, पोट फुगलेलें. उत्तम वारा असला तरी ताशीं सातआठ सागरी मैलांपलीकडे तें जात नसे. पण कोळशाच्या जहाजास दोन गुण असतात. एक म्हणजे पोटांत जागा. दीड वर्षाचा शिधा भरावयाचा तर ती हवीच. दुसरा म्हणजे सपाट तळ. आपल्या कोंकणांतील खाडींत ओहोटी लागली कीं मचवा जसा चिखलावर सरळ बसून राहतो, तसें हें जहाज वाळूवर बसवितां येत असे. जेथें गोदी नाहीं, सुतार नाहीं, शेंकडों मैलांत दुसरें जहाज नाहीं, अशा किनाऱ्यावर तळ दुरुस्त करावयाचा झाला तर दुसरा उपाय नव्हता. ज्यानें कोणी ही निवड केली, त्याला समुद्र कळत होता, असें मला वाटतें.

नायक निवडण्याचा प्रश्न अधिक नाजुक होता. रॉयल सोसायटीच्या मनांत अलेक्झांडर डॅलरिंपल होता. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या नोकरींत वाढलेला, दक्षिण समुद्राच्या जुन्या प्रवासवृत्तांचा मोठा अभ्यासक. पुढें १७९५ मध्यें इंग्लंडच्या आरमाराचा पहिला नकाशाधिकारी झाला. परंतु आरमाराबाहेरच्या माणसाच्या हातीं राजाचें जहाज द्यावयास खातें तयार होईना, आणि जहाजाची सत्ता हातीं नसेल तर जावयास डॅलरिंपल तयार होईना. तेव्हां जेम्स कुक याचें नांव पुढें आलें. यॉर्कशायरमधील एका शेतमजुराचा हा मुलगा. जन्म १७२८ चा. किनाऱ्यावरच्या एका दुकानांत कांहीं काळ उमेदवारी करून तो व्हिट्बीला गेला आणि तेथें कोळशाच्या जहाजांवरच खलाशाचें काम शिकला. १७५५ मध्यें तो आरमारांत साधा खलाशी म्हणून शिरला, गणित स्वतःच्या बळावर शिकला, आणि न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्याचे नकाशे त्यानें १७६३ पासून पांच उन्हाळे खपून काढले. मे १७६८ मध्यें त्याला लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला तेव्हां तो एकूणचाळीस वर्षांचा होता. म्हणजे जें जहाज निवडलें, त्याच जातीच्या जहाजांवर तो लहानाचा मोठा झाला होता. असे योग सरकारी कारभारांत क्वचित् जमतात.

टेम्स नदीकांठच्या डेप्टफर्ड गोदींत कामास सुरुवात झाली. पहिला शत्रु समुद्रांतील किडा. उष्ण समुद्रांत एक अळीसारखा प्राणी असतो. त्याला नुसती सुईच्या अग्राएवढी वाट मिळाली कीं तो लांकडांत शिरतो आणि आंतल्या आंत सबंध फळी पोखरून तिची चाळण करतो. बाहेरून पाहणारास कांहीं दिसत नाहीं. त्यावर तांब्याचा पत्रा ठोकण्याचा प्रयोग इंग्रज आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजावर नुकता केला होता. पण तांब्याच्या शेजारीं लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यांत गंजून जातात, असा अनुभव आला. म्हणून 'एंडेव्हर'च्या तळाला मूळच्या ओकच्या फळ्यांवरून पातळ फळ्यांचें आणखी एक आवरण चढविण्यांत आलें. हेतु असा कीं, किड्यानें वरचें आवरण खावें आणि आंतलें जहाज सुरक्षित राहावें. येथें थोडें विषयांतर करून सांगावेंसें वाटतें कीं, याच काळांत आपल्या मुंबईच्या गोदींत, १७३६ मध्यें सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं, सागवानी जहाजें बांधलीं जात होतीं, आणि टिकाऊपणांत सागवान ओकहून सरस ठरत होतें. त्याच घराण्यानें मुंबईंत बांधून १८१७ सालीं पाण्यांत सोडलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून तरंगते आहे.

शिध्याची यादी वाचली म्हणजे एखाद्या मोठ्या लग्नाच्या कोठीची आठवण येते. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे ६००० व गोमांसाचे ४००० तुकडे, नऊ टन पाव, पांच टन पीठ, तीन टन आंबविलेला कोबी, एक टन मनुका. शिवाय चीज, वाटाणे, मीठ, तेल, साखर. बियरचीं २५० पिंपें, ब्रँडीचीं ४४ व रमचीं १७. पाव म्हणजे वस्तुतः दगडासारखीं कडक बिस्किटें, आणि त्यांत किडे होणार हें गृहीतच धरलेलें. डेकवर डुकरें व कोंबड्या होत्या. एक दुभती शेळीहि होती. आणि ही शेळी सामान्य नव्हती, तर वॉलिसबरोबर 'डॉल्फिन'वरून एकदां पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली होती. जहाजावरील पुष्कळ माणसांपेक्षां तिचा अनुभव अधिक होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

स्वयंपाक्याची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खात्यानें प्रथम जो आचारी नेमला, तो लंगडा व अशक्त निघाला. कुकनें तक्रार केली व दुसरा मागितला. दुसरा आला, त्याला उजवा हात नव्हता! कुकनें पुन्हां लिहिलें. यावेळीं खात्यानें साफ नकार कळविला. अपंग झालेल्या खलाशांना अशा जागा द्यावयाच्या, असें धोरणच होतें. तेव्हां एकहाती जॉन टॉमसन हाच चौऱ्याण्णव माणसांचा आचारी म्हणून गेला. कचेरीच्या कागदांपुढें मोठमोठे पुरुष हात टेकतात, याचें हें सुंदर उदाहरण आहे. हजेरीपटाच्या बाबतींत मात्र कुक स्वतःहि अगदीं निर्दोष नव्हता. आपल्या दोन लहानग्या मुलांचीं नांवें त्यानें जहाजाच्या पटावर चढविलीं होतीं. मुलें घरीं आईजवळ, आणि नोकरीचीं वर्षें समुद्रावर जमा होत आहेत! ही त्या काळची सर्रास चाल होती. मास्तराच्या नजरेला असा पट खुपतो, एवढेंच.

माणसें मात्र विचारपूर्वक निवडलेलीं होतीं. जॉन गोर, मोलिन्यू, पिकर्सगिल, हे वॉलिसबरोबर ताहितीला जाऊन आलेले. पॅसिफिक महासागर पाहिलेला एकहि अधिकारी नसतांना निघण्याची चूक त्यांनीं केली नाहीं. आरमाराच्या शिपायांपैकीं बाराजण घेतले. खगोलवेत्ता चार्लस ग्रीन हा रॉयल सोसायटीचा. आणि शेवटीं जोसेफ बँक्स हा पंचवीस वर्षांचा श्रीमंत तरुण, वनस्पतिशास्त्राचा वेडा, आपल्याबरोबर विद्वान, चित्रकार व नोकर मिळून आठ माणसें, दोन शिकारी कुत्रे आणि पुस्तकें, जाळीं, बाटल्या यांचा डोंगर घेऊन दाखल झाला. त्यांच्यासाठीं जहाजाच्या पोटांत नव्या खोल्या पाडल्या. २६ ऑगस्ट १७६८ रोजीं प्लिमथ बंदरांतून जहाज सुटलें, तेव्हां त्यावर चौऱ्याण्णव माणसें होतीं.

आतां ज्या शत्रूसाठीं एवढा कोबी भरला होता, त्याविषयीं. लांबच्या सफरीवर ताजी भाजी व फळें मिळेनाशीं झालीं कीं कांहीं आठवड्यांत खलाशांच्या हिरड्या सुजत, दांत हलत, अंगावर काळेनिळे डाग उठत, आणि वर्षांपूर्वीं भरलेल्या जखमा पुन्हां उघडत. हा स्कर्व्ही रोग. १७४० मध्यें अॅन्सन सहा युद्धनौका घेऊन निघाला. प्रदक्षिणा पुरी करून १७४४ मध्यें त्यांपैकीं एकच परत आली. हजाराहून अधिक माणसें मेलीं, तीं शत्रूच्या तोफांनीं नव्हेत, मुख्यतः या रोगानें. हें दुःख आरमारास विसरतां येत नव्हतें. १७४७ मध्यें जेम्स लिंड या जहाजावरील वैद्यानें बारा आजारी खलाशी घेऊन दोघांदोघांस निरनिराळें औषध देऊन पाहिलें होतें, आणि संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी सर्वांत आधीं उठून कामास लागली, हेंहि प्रसिद्ध केलें होतें. पण एका प्रयोगानें कोणाचें मत फिरत नाहीं. खात्याचा मुख्य भरंवसा मोड आणून वाळविलेल्या सातूच्या काढ्यावर होता. त्याच्या जोडीला आंबविलेला कोबी, आटवून वड्या केलेला मांसरस, आणि उकळून दाट केलेला लिंबाचा रस. 'एंडेव्हर' हें जणुं या सर्वांचें एकत्र परीक्षागृहच बनविण्यांत आलें.

खलाशी हा प्राणी खाण्याच्या बाबतींत मोठा सनातनी. खारें मांस आणि बिस्किट यांपलीकडे जें असेल तें त्याला विष वाटे. मदीरा बेटावर ताजें मांस वाटलें, तें दोघांनीं नाकारलें. कुकनें त्यांना प्रत्येकीं बारा फटके मारविले. ही शिक्षा मला रुचत नाहीं, पण त्यामागील चिंता समजते. कोबीच्या बाबतींत त्यानें अधिक चांगली युक्ति केली. अधिकाऱ्यांच्या मेजावर तो कोबी रोज वाढावयाचा आणि त्यांनीं तो आवडीनें खावयाचा. खलाशांनीं हवा तर घ्यावा, नको तर राहूं द्यावा. आठवडाभरांत अशी मागणी झाली कीं, प्रत्येकास मोजून वाटा देण्याची पाळी आली. ज्याचें आयुष्य मुलांना वळण लावण्यांत गेलें, त्याला ही युक्ति नवी वाटणार नाहीं. पण समुद्रावर ती करावयास सुचली, हें विशेष. याशिवाय जेथें जेथें किनारा लागे, तेथें तेथें कुक माणसें उतरवून हिरवा पाला गोळा करवी. मदीरेला कांदे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला रानटी ओवा, पुढें जें मिळेल तें. परिणाम असा कीं, १३ एप्रिल १७६९ रोजीं जहाज ताहितीला लागलें, तेव्हां रोगी जवळजवळ कोणीच नव्हतें. अपघात मात्र झाले होते: मदीरेला एक माणूस नांगराच्या दोरींत गुरफटून बुडाला, आणि दक्षिण टोकाच्या हिमांत बँक्सचे दोन नोकर गारठून मेले.

अधिक्रमण त्यांनीं पाहिलें, तें कडक उन्हांत व निरभ्र आकाशाखालीं. शुक्राची कडा सूर्याच्या कडेला नेमकी कोणत्या क्षणीं लागली, याविषयीं मात्र शेजारींशेजारीं बसलेल्या निरीक्षकांचेंहि एकमत होईना. पुढें न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांना वळसा घालून त्यांचा नकाशा केला, आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यानें वर येऊं लागले. ११ जून १७७० च्या रात्रीं, चांदण्यांत, समुद्र शांत असतां, जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलें व अडकलें. तेवीस तास तें तेथें होतें. चाळीसपन्नास टन ओझें, त्यांत सहा तोफा, समुद्रांत लोटून दिलें. ह्या तोफा पुढें १९६९ मध्यें समुद्राच्या तळाशीं सांपडल्या. जहाज सुटलें, पण पाणी आंत येतच होतें. तेव्हां जोनाथन मंकहाऊस नांवाच्या तरुण उमेदवारानें पूर्वीं एका व्यापारी जहाजावर पाहिलेला उपाय सांगितला. एका जुन्या शिडावर पिंजलेला काथ्या, लोंकर व शेण यांचा लगदा थापला, आणि तें शीड दोरांनीं तळाखालून ओढून भोंकावर आणलें. पाण्याच्या दाबानेंच तें भोंकांत शोषलें जाऊन घट्ट बसलें. नदीच्या मुखाशीं जहाज वाळूवर चढविल्यावर दिसलें कीं, प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोंकांतच तुटून राहिला होता व त्यानें अर्धें भोंक आपोआप बुजविलें होतें. तेथें जवळजवळ सात आठवडे दुरुस्ती चालली. सपाट तळाचें तें कुरूप जहाज निवडणाराचें ऋण त्या दिवशीं फिटलें.

परंतु वाळूवर सर्व दुरुस्ती होत नाहीं. तळाचें बाहेरचें आवरण पुष्कळ ठिकाणीं निघून गेलें होतें, आणि जेथें तें निघालें, तेथें किड्याला दार मिळालें. ऑक्टोबर १७७० मध्यें जहाज जावा बेटावरील बटेव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, या डच शहरीं पोहोंचलें. त्या भागांत मोठें जहाज कलथून त्याचा तळ उघडा करण्याची सोय तेथेंच होती. तळ पाहिला, तेव्हां सारेच थक्क झाले. दोन सबंध फळ्या व तिसरीचा अर्धा भाग, सुमारें सहा फूट लांबीपर्यंत, झिजून इंचाच्या आठव्या हिश्शाइतक्या उरल्या होत्या. किडा आंतल्या बरगड्यांपर्यंत पोहोंचला होता. म्हणजे बटेव्हियाला न जावें, असा पर्याय कुकपुढें नव्हताच.

तेथें पोहोंचल्यावर त्यानें नाविक खात्यास पत्र लिहिलें, त्यांत रोगानें आपलें एकहि माणूस दगावलें नाहीं, असें समाधान व्यक्त केलें होतें. अगदीं काटेकोर पाहिलें तर क्षय व अपस्मार यांनीं एकेक माणूस गेलें होतें. पण स्कर्व्हीनें खरोखरच एकहि नाहीं. अॅन्सनच्या सफरीशीं ताडून पाहिलें म्हणजे त्या पत्रांतील अभिमान क्षम्य वाटतो. पत्राची शाई वाळते न वाळते तोंच माणसें आजारी पडूं लागलीं.

बटेव्हिया डचांनीं १६१९ मध्यें वसविली, ती आपल्या मायदेशासारखी: सरळ कालवे, कालव्यांच्या दुतर्फा घरें. हॉलंडच्या थंडींत जें शोभतें, तें विषुववृत्ताजवळ साठलेलें, कुजलेलें पाणी ठरलें. शिवाय शहराजवळच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यांत मासे पाळण्याचीं तळीं झालीं होतीं, व त्यांत हिंवतापाचे डांस माजत, असा इतिहाससंशोधकांचा तर्क आहे. कुकला व त्याच्या वैद्याला दोष दिसला तो हवेचा. डांस हा तापाचा वाहक आहे, हें सिद्ध होण्यास १८९७ साल उजाडावें लागलें, आणि तें झालें आपल्याच देशांत, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांच्या हातून. सिंकोना झाडाची साल तापावर गुणकारी आहे, हें ठाऊक होतें. बँक्स ती घेत होता, आणि तो व त्याचा सोबती सोलांडर शहराबाहेर वाहत्या पाण्याच्या कांठीं एका घरांत जाऊन राहिले, त्यामुळें वांचले. शंभर माणसांना महिनोन्‌महिने ती साल पुरवावी, असें मात्र यादी करणाराच्या मनांतहि आलें नव्हतें.

पहिला गेला तो जहाजाचा वैद्य, विल्यम मंकहाऊस. नंतर तुपाइआ व त्याचा सेवक मुलगा ताइआता. हा तुपाइआ ताहितीहून स्वखुषीनें बरोबर निघालेला विद्वान पुरोहित. होकायंत्रावांचून शेंकडों मैलांवरच्या बेटांची दिशा सांगणारा, अनेक बेटांचीं नांवें मुखोद्गत असणारा, न्यूझीलंडच्या लोकांशीं त्यांना समजेल अशा भाषेंत बोलणारा. त्याच्यामुळें कित्येक प्रसंगीं रक्तपात टळला. इंग्लंडांत गेल्यावर त्याच्यापासून काय काय शिकतां आलें असतें! चौऱ्याण्णव माणसांच्या यादींत त्याचें नांव नव्हतें, आणि त्याच्या शरीराला जे रोग नवे, त्यांचा विचार कोणींच केला नव्हता. मला या सबंध हकीकतींत सर्वांत मोठें नुकसान हें वाटतें.

सातजण बटेव्हियांत पुरले गेले. २६ डिसेंबर १७७० रोजीं जहाज निघालें, तेव्हां चाळीसांहून अधिक आजारी होते, आणि उरलेल्यांतहि अशक्तपणा नाहीं असा एकच. तो शिडें शिवणारा म्हातारा जॉन रेव्हनहिल. वय सत्तर-ऐंशींच्या घरांत, आणि रोज कमीअधिक दारूंत असणारा. कुकनें ही गोष्ट रोजनिशींत आश्चर्यानें नोंदविली आहे. डच कप्तान त्याला म्हणत कीं, तुमचें दैव थोर, एवढ्या मुदतींत निम्मीं माणसें जावयाचीं! ते थट्टा करीत नव्हते. वाटेंत एका बेटावर पाणी भरलें, आणि रक्तातिसाराची सांथ जोरांत उसळली. कुकनें पाण्यांत चुना घातला, डेकखालची जागा सिरक्यानें धुवविली. पाणी उकळून प्यावें, हें सांगणारें जंतुशास्त्र अजून शंभर वर्षें दूर होतें. जानेवारी-फेब्रुवारींत कांहीं दिवस असे गेले कीं, रोज एखादें प्रेत समुद्रांत सोडावें. शुक्राचे वेध घेणारा ग्रीन गेला. ताहितीचीं झाडें-माणसें कागदावर उतरविणारा तरुण चित्रकार पार्किन्सन गेला. ज्यानें शीड लावून जहाज वांचविलें, तो जोनाथन मंकहाऊस भावाच्या मागोमाग गेला. शिडें शिवणारा म्हातारा, त्याचीहि दारू अखेर कामास आली नाहीं. मार्च १७७१ च्या मध्यास केप ऑफ गुड होपला पोहोंचेपर्यंत वीसाहून अधिक माणसें या मार्गानें गेलीं. जुलैंत जहाज इंग्लंडास परतलें. शेळी सुखरूप होती.

श्रोतेहो, येथें आणखी एक गोष्ट घडली, तिचा परिणाम प्रेतांच्या मोजणीपेक्षांहि लांब पोहोंचला. मंकहाऊसच्या जागीं आलेला वैद्य पेरी यानें आपल्या अहवालांत सातूच्या काढ्याची तोंड भरून स्तुति केली. आज आपणांस ठाऊक आहे कीं, स्कर्व्ही होतो तो 'क' जीवनसत्त्वाच्या अभावीं; वाळविलेल्या सातूंत तें जवळजवळ नाहींच, आणि उकळून आटविलेल्या लिंबाच्या रसांतूनहि तें बहुतेक निघून जातें. माणसें वांचलीं तीं ताज्या पाल्यानें, आणि कांहीं अंशीं कोबीनें. पण दहा औषधें एकदम दिल्यावर गुण कोणत्या औषधाचा, हें कसें ठरावें? पुरावा मात्र जहाजावरच होता. ताहितीला पोहोंचण्याच्या थोडें आधीं बँक्सच्या हिरड्या सुजल्या, तोंडांत पुटकुळ्या आल्या. त्यानें डॉक्टर ह्यूम यांनीं दिलेला लिंबाचा रस घेण्यास सुरुवात केली व आठवड्याच्या आंत तो बरा झाला. ही नोंद त्याच्या खासगी रोजनिशींत राहिली. सरकारी अहवालांत सातूचें नांव झालें. इंग्रज आरमारानें लिंबाचा रस नियमानें देण्यास सुरुवात केली ती १७९५ सालीं. मधल्या चोवीस वर्षांत किती खलाशी सातूचा काढा पीत पीत मेले असतील, तें सांगणें कठीण आहे.

दुसऱ्या सफरीची तयारी १७७२ मध्यें झाली, तीहि व्हिट्बीच्याच दोन जहाजांची: 'रेझोल्यूशन' व 'अॅडव्हेंचर'. बँक्सनें आपल्या मंडळींसाठीं 'रेझोल्यूशन'वर असा मजला चढवविला कीं, चांचणींत जहाज वाऱ्यानें उलटतें कीं काय अशी भीति पडली. मजला उतरविला, आणि बँक्स रागावून सफरींतून निघून गेला. त्या सफरीची वाट अशी होती कीं, बटेव्हिया मार्गांत आलीच नाहीं. तीन वर्षें कुक दक्षिणेच्या बर्फापर्यंत जाऊन फिरला आणि त्याच्या जहाजावर आजारानें एकच माणूस दगावलें. 'अॅडव्हेंचर'वर तोच शिधा, तोच कोबी; पण नायक फर्नो पाल्याविषयीं व स्वच्छतेविषयीं तितका आग्रही नव्हता, आणि १७७३ मध्यें त्याच्या वीसएक माणसांना स्कर्व्ही झाला. त्यांत त्याचा आचारीच मेला.

तिसऱ्या खेपेस, १७७६ मध्यें, डेप्टफर्डच्या त्याच गोदींत 'रेझोल्यूशन'ची डागडुजी झाली. कुक त्यावेळीं आपल्या दुसऱ्या सफरीचा वृत्तांत छापावयास देण्यांत गढला होता, आणि गोदींतील कामावर पूर्वीसारखी नजर ठेवणें त्याला जमलें नाहीं. काम कच्चें झालें. जहाज पहिल्यापासून गळत होतें. दोरखंड, डोलकाठ्या, सर्वच निकृष्ट. फेब्रुवारी १७७९ मध्यें हवाई बेटावरील केआलाकेकुआ आखातांतून मंडळी निरोप घेऊन निघालीं, तों चारच दिवसांत वादळानें पुढच्या डोलकाठीचा बुंधा निखळला. ती दुरुस्त करण्यासाठीं कुकला त्याच आखातांत परतावें लागलें. निरोप दिलेले पाहुणे आठवड्याच्या आंत पुन्हां दारांत उभे राहिलेले बेटावरील लोकांना मानवले नाहींत. चोऱ्या झाल्या, एक होडी नाहींशी झाली, आणि १४ फेब्रुवारी रोजीं किनाऱ्यावरच्या झटापटींत कुक मारला गेला. सुतारांनीं डोलकाठीचें काम पुरें केलें, ती जागेवर उभी केली, आणि त्याच महिन्यांत दोन्ही जहाजें उत्तरेकडे निघून गेलीं.